पाने उरली, आकडे संपले

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचा व्यापारी नव्या वहीला हळदकुंकू वाहतो. वही कोरी असते, तिची पाने मोजलेली असतात, आणि ती भरत आली की दुसरी आणावयाची हे दुकानातल्या पोऱ्यालाही ठाऊक असते. वही संपणे ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे. आता अशी एक वही कल्पावी, की जिला २,००० पाने आहेत. परंतु मुनीमजींच्या हाती जी खतावणी आहे, तिच्यात पानाचा आकडा लिहावयाला तीनच चौकोन आखलेले आहेत. ९९९ व्या पानापर्यंत सारे सुरळीत चालेल. त्यापुढची हजारभर पाने कोरी करकरीत असूनही मुनीमजींच्या लेखी ती नाहीतच, कारण त्यांचा पत्ता लिहावयाला जागा नाही. आणि मुनीमजी जर धांदरट निघाले, तर १,००१ मधला पहिला एकडा चौकोनाबाहेर गळून पडेल, ००१ एवढेच उरेल, आणि आजची जमा पहिल्या पानावरच्या जुन्या अक्षरांवर चढेल!

संगणकाच्या हार्ड डिस्कचा इतिहास हा बराचसा या मुनीमजींचा इतिहास आहे. जुन्या संगणकात नवी, मोठी डिस्क बसविली की ती अर्धीमुर्धीच दिसते, किंवा मुळी दिसतच नाही, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. डिस्क सदोष असते असे नाही. तिच्यात पाने असतात; कमी पडतात ते आकड्यांचे चौकोन.

मी शाळेत गणित शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पायरीवर थांबलेले. तेव्हा यंत्रविद्येच्या पंडितांनी या लेखाकडे खुशाल काणाडोळा करावा. परंतु या इतिहासाला गुणाकारापलीकडचे गणित लागत नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

या कथेचा आरंभ एका शिक्षकापासून होतो, याचा मला साहजिकच थोडा अभिमान वाटतो. रेनॉल्ड जॉन्सन हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात शाळेत विज्ञान शिकवीत असत. उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामाने शिक्षकाची पाठ कशी मोडते हे आम्हांला कोणी सांगावयास नको. जॉन्सनमास्तरांनी त्यावर एक यंत्रच तयार केले. पेन्सिलीच्या खुणेतून वीज वाहते, तेव्हा मुलाने कोणत्या उत्तरावर खूण केली हे विजेने ओळखता येते, ही त्यातली युक्ती. त्या यंत्राच्या बळावर १९३४ मध्ये आयबीएम कंपनीने त्यांना नोकरीस घेतले, आणि १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे या गावी नवी प्रयोगशाळा काढावयास पाठविले. तेथून १९५६ मध्ये ‘३०५ रॅमॅक’ हा संगणक बाहेर पडला. जगातली विक्रीस निघालेली पहिली हार्ड डिस्क ती त्याच्यात होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर ओवलेल्या, वजन सुमारे एक टन, आणि त्या सगळ्यांत मिळून मावत ५० लाख अक्षरे. आजच्या मोबाइलमधले एखादे छायाचित्र त्यात मावले तर मावावे.

तथापि त्या यंत्राचे मोठेपण वजनात नव्हते. त्यापूर्वी माहिती साठवीत ती भोके पाडलेल्या कार्डांवर नाही तर चुंबकीय फितीवर. फितीच्या मध्यावरची नोंद हवी असली तर आधीची सारी फीत उलगडावी लागे. तबकडीवर मात्र हव्या त्या जागी एकदम उडी घेता येते. पण उडी घ्यावयाची तर जागेला पत्ता पाहिजे. पुढचे सारे रामायण या पत्त्याने घडविले.

हा पत्ता कसा असतो? तबकडीवर एकात एक अशी वर्तुळे असतात. एकावर एक रचलेल्या सर्व तबकड्यांवरची सारख्याच अंतरावरची वर्तुळे मिळून एक नळकांडे होते; त्याला म्हणतात सिलिंडर. कोणत्या तबकडीच्या कोणत्या बाजूवर वाचावयाचे हे ठरते हेडवरून. आणि प्रत्येक वर्तुळाचे जे तुकडे पाडलेले असतात ते सेक्टर. एका सेक्टरात ५१२ बाइट, म्हणजे ढोबळ मानाने ५१२ इंग्रजी अक्षरे. गिरगावातल्या एखाद्या बिऱ्हाडाचा पत्ता आपण असाच सांगतो: कितवी चाळ, कितवा मजला, कितवी खोली.

संगणक आकडे लिहितो ते शून्य आणि एक या दोनच अंकांनी. असा एक अंक लिहावयाचा चौकोन म्हणजे एक बिट. एका चौकोनात दोन आकडे, दोन चौकोनांत चार, तीन चौकोनांत आठ. चौकोन एक वाढला की आकडे दुप्पट. दहा चौकोन असले की १,०२४ आकडे लिहिता येतात. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा प्रवास सोपा आहे.

आयबीएमने १९८१ मध्ये घराघरांत व कचेऱ्यांत ठेवण्याजोगा लहान संगणक काढला, तेव्हा त्यात हार्ड डिस्क नव्हतीच. ती आली १९८३ च्या मार्चमध्ये ‘एक्सटी’ नावाच्या नमुन्यात. तिचे ३०६ सिलिंडर, ४ हेड आणि दर वर्तुळाला १७ सेक्टर. गुणाकार करून पाहावा: सुमारे १ कोटी ६ लाख बाइट, म्हणजे १० मेगाबाइट. संगणक सुरू होताच जागा होणारा आणि डिस्ककडे निरोप पोचविणारा जो कारकून यंत्रात कायमचा बसविलेला असतो, त्याचे नाव बायॉस. त्या कारकुनाच्या अर्जात सिलिंडरसाठी १० चौकोन होते, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६. म्हणजे १,०२४ सिलिंडर, २५६ हेड, आणि सेक्टर ६४ नव्हे तर ६३. कारण सेक्टरांची मोजणी एकापासून सुरू होते आणि शून्य वाया जाते. या साऱ्यांचा गुणाकार ८४५ कोटी बाइटांच्या वर जातो.

या मंडळींना पुष्कळ जण आज कोत्या दृष्टीचे म्हणतात. ते मला न्यायाचे वाटत नाही. हाती १ कोटीची डिस्क असताना त्यांनी ८४५ कोटींची सोय करून ठेवली होती, म्हणजे जवळजवळ ८०० पट! वाढत्या अंगाच्या मुलाचा सदरा आपण दोन बोटे सैल शिवतो आणि त्यातच दूरदर्शीपणा मानतो. शिवाय त्या काळी एकेक चौकोन महाग होता. यंत्राचा मेंदू एका वेळी १६ चौकोनांचा आकडा हाताळी. म्हणून सिलिंडरचे १० आणि सेक्टरचे ६ असे मिळून १६ त्यांनी एकाच कप्प्यात नेटकेपणाने बसविले. हा कद्रूपणा नव्हता, काटकसर होती.

पहिला अडथळा आला तो दुसऱ्याच बाजूने. डिस्कवरच्या फायलींचा हिशेब ठेवणारी ‘डॉस’ ही प्रणाली एका विभागातल्या सेक्टरांची एकूण संख्या १६ चौकोनांत लिहीत असे. १६ चौकोनांत आकडे मावतात ६५,५३६. त्याला ५१२ ने गुणले की ३,३५,५४,४३२ बाइट होतात, म्हणजे बरोबर ३२ मेगाबाइट. कोणी हौसेने ४० मेगाबाइटची डिस्क घेतली तर तिचे दोन वाटे करावे लागत, ‘सी’ आणि ‘डी’. एका घरात दोन चुली! १९८७ मध्ये कॉम्पॅक कंपनीने आपल्या डॉसमध्ये या आकड्याचे चौकोन वाढविले, आणि पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या चौथ्या आवृत्तीने तेच केले. चुली एक झाल्या, पण वाटे पाडण्याची सवय पुष्कळ घरांत टिकली.

आता या इतिहासातले सर्वांत नवलाचे प्रकरण. एक्सटीनंतर काही वर्षांनी डिस्कच्या पोटातच तिचे नियंत्रण बसविण्याची नवी पद्धत आली. तिला आयडीई म्हणतात. या पद्धतीने पत्त्याचा स्वतःचा निराळा अर्ज ठरविला: सिलिंडरसाठी १६ चौकोन, हेडसाठी ४, सेक्टरसाठी ८. हाही अर्ज काही लहान नव्हता. त्याच्या आकड्यांचा गुणाकार १३,६९० कोटी बाइटांवर जातो. म्हणजे एका कचेरीची मर्यादा ८४५ कोटी आणि दुसरीची १३,६९० कोटी. दोन्ही कचेऱ्या ऐसपैस. पण निरोप एकीतून दुसरीत जावयाचा, तेव्हा दोन्ही अर्जांत जो आकडा मावेल तोच चालणार. सिलिंडरचा रकाना बायॉसकडे लहान, म्हणून १,०२४. हेडचा रकाना डिस्ककडे लहान, म्हणून १६. सेक्टरचा रकाना पुन्हा बायॉसकडे लहान, म्हणून ६३. करा गुणाकार: १,०२४ × १६ × ६३ × ५१२. उत्तर येते ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे ५०४ मेगाबाइट.

आठशे पंचेचाळीस कोटी आणि साडेतेरा हजारांहून अधिक कोटी यांच्या संगमातून निघाले केवळ ५३ कोटी! मी वर्गात हे गणित फळ्यावर घालते तेव्हा मुले दोनदा ताळा करून पाहतात. दोन्ही कचेऱ्यांतले कारकून शहाणे, दोघांनीही पुढच्या पिढ्यांची सोय पाहिलेली. फक्त दोघांनी एका टेबलाशी बसून आपापले रकाने ताडून पाहिले नव्हते. दोन बाजूंच्या वडीलधाऱ्यांनी वधूवरांना न विचारता ठरविलेल्या लग्नासारखे हे झाले. १९९३-९४ च्या सुमारास डिस्का ५०४ मेगाबाइटांच्या पुढे गेल्या आणि जुन्या संगणकांपुढे ही भिंत उभी राहिली.

तोड काढली ती अस्सल कारकुनी होती. समजा, डिस्क म्हणते, ‘माझे सिलिंडर २,०४८ आणि हेड १६.’ बायॉसच्या रकान्यात २,०४८ मावत नाहीत. तेव्हा नवा बायॉस प्रणालीला सांगू लागला की सिलिंडर १,०२४ आहेत आणि हेड ३२. एक संख्या निम्मी, दुसरी दुप्पट, गुणाकार तोच. मौज अशी की डिस्क स्वतः तरी कोठे खरे बोलत होती? तिच्या पोटात तबकड्या बहुधा दोन-चारच असत, १६ हेड कोठून येणार? शिवाय बाहेरची वर्तुळे मोठी असल्याने त्यांत आतल्या वर्तुळांपेक्षा अधिक सेक्टर मावत, तेव्हा सगळीकडे ६३ हाही एक सोयीचा संकेतच. सगळे एकमेकांना कल्पित पत्ते सांगत होते आणि पत्रे मात्र बिनचूक पोचत होती. कादंबरी लिहिणाऱ्या बाईने याला नावे ठेवू नयेत हेच बरे.

यापुढचे शहाणपण असे की चाळ, मजला, खोली हा पत्ताच सोडून द्यावा आणि पहिल्या सेक्टरापासून शेवटच्यापर्यंत सरळ ओळीने क्रमांक घालावेत. या पद्धतीचे नाव एलबीए. बायॉसलाही अधिक रुंद अर्ज मिळाला, आणि १९९८ च्या सुमारास जी ८४५ कोटींची जुनी भिंत आडवी येऊ लागली होती, ती नव्या संगणकांना सहज ओलांडता आली. त्याच वर्षी जॉन्सनमास्तर ९२ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या टनभर वजनाच्या पेटीपेक्षा हजार-दोन हजार पट अधिक साठविणाऱ्या डिस्का तेव्हा लोक पिशवीत घालून घरी नेत होते.

भिंती मात्र संपल्या नव्हत्या. २००३ साली मी ज्या शाळेत होते, तेथे एका कचेरीने काढून टाकलेला संगणक आम्हांला मिळाला. त्याची डिस्क आवाज करू लागली, म्हणून वर्गणी काढून ४० गिगाबाइटची नवी डिस्क आणली. ती बसविली आणि संगणक सुरूच होईना. डिस्क ओळखता ओळखता पडदा थिजून राही. दुरुस्तीला आलेला मुलगा आमच्याच शाळेतून दहावी झालेला. तो म्हणाला, ‘‘बाई, डिस्क चांगली आहे. या जुन्या मशीनला एवढा आकडा मोजता येत नाही. मोजायला बसतं आणि तिथंच अडकतं.’’

१९९९ च्या आधीचे काही बायॉस डिस्कचे सिलिंडर मोजताना ६५,५३५ च्या पुढे गेले की खरोखरच असे गोंधळून जात. त्यांची मर्यादा होती सुमारे ३,३८२ कोटी बाइट. मुलाने डिस्कच्या मागच्या बाजूच्या दोन बारीक पिनांवर एक इवलेसे प्लॅस्टिकचे टोपण सरकविले. त्याला जंपर म्हणतात, आणि अशाच जुन्या यंत्रांसाठी डिस्क करणाऱ्यांनी ती सोय ठेवलेली असे.

‘‘आता हिला कुणी विचारलं की ही ३२च सांगेल, बाई.’’

‘‘आणि उरलेले आठ?’’

‘‘ते आहेत तिथंच आहेत. फक्त त्यांना हाक मारता येणार नाही.’’

हे वाक्य त्या मुलाने सहज उच्चारले. मला मात्र त्यानंतर हजेरी घेताना ते कितीदा तरी आठवले आहे. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाला दाखल क्रमांक असतो. समजा, त्या रकान्यात तीनच चौकोन असते. १,००१ वे मूल आले की त्याला क्रमांक नाही. रजिस्टर लिहिणारा जर हात थांबवून म्हणाला, ‘जागा नाही, नवे रजिस्टर आणा,’ तर फार तर एक दिवस मोडेल. पण त्याने मुकाट्याने ००१ लिहिले तर? त्या दिवशी कोणाला काही कळणार नाही. कळेल ते पन्नास वर्षांनी, एखादा म्हातारा जन्मतारखेच्या दाखल्यासाठी येईल आणि त्याच्या क्रमांकापुढे दुसऱ्याचेच नाव निघेल तेव्हा.

डिस्कांच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले आहे. विंडोज ९८ बरोबर येणारे डिस्कचे वाटे पाडणारे साधन ६४ गिगाबाइटांहून मोठी डिस्क पाहिली की त्यातून ६४ वजा करून बाकी तेवढी दाखवी. ७० गिगाबाइटची डिस्क त्याला ६ची दिसे. ही चूक निदान डोळ्यांना दिसे. तिच्याहून वाईट होती ती पुढची. ओळीने क्रमांक घालण्याच्या पद्धतीत आरंभी २८ चौकोन होते. त्यांत मावत १३,७४३ कोटी बाइट. २००१ मध्ये १६० गिगाबाइटची डिस्क निघाली आणि हीही भिंत तोकडी पडली. त्यावर ४८ चौकोनांचा नवा नियम ठरला, आणि २००२ मध्ये तो अधिकृत प्रमाणात आला. परंतु नव्या डिस्का जेव्हा जुन्या प्रणालीच्या हाती पडल्या, तेव्हा काही ठिकाणी धांदरट मुनीमजींचाच प्रकार झाला. कित्येक महिने सारे ठीक चाले, कारण डिस्क तेवढी भरलेलीच नसे. मग एके दिवशी मजकूर १३,७४३ कोटींच्या पुढे जाई, आकड्याचा वरचा अंक गळून पडे, आणि नवी नोंद डिस्कच्या आरंभी, जेथे सगळ्या फायलींची अनुक्रमणिका असते, तेथे जाऊन बसे. घरातल्या लग्नाची छायाचित्रे, दुकानाचे हिशेब, कोणाचा प्रबंध, सारे एका क्षणात बेपत्ता. आणि यंत्राने तक्रारीचा एक शब्दही उच्चारलेला नसे.

म्हणून हा सारा इतिहास वाचून मला मर्यादेचा राग येत नाही. माणसाने आखलेल्या रकान्याला कोठे तरी शेवट असणारच. १९८३ मध्ये डिस्कच्या वाट्यांची नोंद ठेवण्यासाठी जो तक्ता आखला गेला, त्यात ३२ चौकोन होते. त्याने २ टेराबाइटपर्यंत, म्हणजे २०१० मध्ये ३ टेराबाइटच्या डिस्का येईपर्यंत, सत्तावीस वर्षे इमानाने चाकरी केली. एखाद्या कारकुनाने याहून अधिक काय करावे? राग येतो तो मुकाट्याने पुसून टाकणाऱ्या मर्यादेचा. आमच्या शाळेतला जुना संगणक थिजून राहिला, त्याने आमची वर्गणी दोन दिवस टांगून ठेवली, पण त्याने एका मुलाचाही निकाल पुसला नाही.

त्या जुन्या तक्त्याच्या जागी आता जो नवा तक्ता आला आहे, त्यात सेक्टराच्या क्रमांकाला ६४ चौकोन आहेत. बुद्धिबळाच्या पटावरची घरेही तितकीच. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुप्पट मागणाऱ्या शहाण्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. राजाचे कोठार रिते झाले तरी पट भरला नाही. तेव्हा या खेपेस पुष्कळ काळ निभावेल असे मानावयास हरकत नाही.

तरीही या दिवाळीत साफसफाई करताना एखादा जुना संगणक हाती लागला, आणि मुलांच्या हट्टासाठी त्याला मोठी डिस्क बसवावयाची ठरली, तर एक काम आधी करावे. डिस्कवर छापलेला आकडा आणि यंत्राने सांगितलेला आकडा शेजारी शेजारी लिहून ताडून पाहावेत. १,००० गिगाबाइटच्या जागी ९३१ दिसले तर घाबरू नये. डिस्क करणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १,०२४ ने, एवढाच तो फरक आहे. पण १३७, १२८, ३२ असले आकडे दिसले तर समजावे की आत कोठे तरी चौकोन संपले आहेत, आणि आधी त्याची व्यवस्था लावून मगच घरातली छायाचित्रे त्या वहीच्या स्वाधीन करावीत.